काकांचा खर्ज

आवाजाला इतका भिणारा माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात दुसरा सापडायचा नाही, आणि नेमका तोच माणूस जन्मभर लाउडस्पीकर भाड्यानं देत आलाय. हे माझे घरमालक. औरंगपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं अरुंद, उंच घर आहे. खाली त्यांचं दुकान, मधे काका आणि काकू, वर मी, आणि माझ्याही वर गच्ची. गल्ली त्यांना स्पीकरवाले काका म्हणते, म्हणून मीही म्हणते. हळद असो, बारसं असो, जयंती असो की शाळेचं स्नेहसंमेलन, काका स्वतः शिडीवर चढून कर्णे बांधणार, तारा जोडणार, माइकवर दोन टिचक्या मारणार आणि गाणं सुरू व्हायच्या आत कानात कापसाचे बोळे घालून मांडवाच्या पार मागं आचाऱ्यांपाशी जाऊन बसणार. कुणी आवाज वाढवा म्हणून मागं लागलं, तर ते गंभीर चेहऱ्यानं एक मोठं काळं बटण उजवीकडे फिरवतात आणि विचारतात, "आता?" समोरचा खूश होऊन म्हणतो, "आता कसं!" ते बटण कशालाच जोडलेलं नाही हे मला तिथं राहायला आल्यावर पाच वर्षांनी कळलं, तेही काकूंकडून.

काकांचा स्वतःचा आवाज अगदी बारीक आहे. किती बारीक, तर बिडकीनहून इथल्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवायला लागल्यावर रोजची ये-जा नको म्हणून मी खोली शोधत होते, तेव्हा कुणीतरी दिलेल्या नंबरवर फोन केला आणि नम्रपणे म्हटलं, "मावशी, जरा घरमालकांना द्या ना."  मग तोच बारीक आवाज म्हणाला, "मावशीच बोलतीय समजा. खोली बघायला कधी येता?" यात राग नव्हता, उपरोधही नव्हता. ज्याला आयुष्यभर फोनवर मावशी, ताई आणि एकदा तर बेबी म्हटलं गेलंय, त्याला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. पुढं कितीतरी दिवस काका जिन्यात दिसले की मी मात्र ओशाळत असे.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं, आपण मधोमध उभे राहिले, डोळे मिटले आणि एकच टाळी वाजवली. मान तिरकी करून ती संपेपर्यंत ऐकली. "जराशी भुंकते ही खोली," ते म्हणाले. "जाड पडदे लावा, गप बसंल." तेव्हापासून मी काकांना टाळीशिवाय कुठल्याही नव्या जागेत शिरताना पाहिलेलं नाही. बँकेत, दवाखान्याच्या व्हरांड्यात, माझ्या चुलतभावाच्या नव्या फ्लॅटच्या संडासातसुद्धा. भिंतींकडून टाळी परत कशी येते यावरून त्यांना त्या जागेचा स्वभाव कळतो म्हणे. एकदा आम्ही तिघं एका ओळखीच्या घरी भेटायला गेलो होतो. तिथले आजोबा आदल्या आठवड्यात गेले होते. लोकांना बसायला म्हणून दिवाणखाना रिकामा केलेला, सतरंज्या अंथरलेल्या, सगळे माना खाली घालून बसलेले. काकांनी उसासा टाकला, वर छताकडे पाहिलं आणि नको ते केलं. टाळी खणखणीत वाजली. सगळ्यांच्या माना वर झाल्या. शेजारी बसलेल्या काकू पापणीही न हलवता म्हणाल्या, "डास लई झालेत हल्ली." घरच्या लोकांनी लगेच पंखा लावला आणि बोलणं पावसापाण्याकडे वळलं.

ओळखीचे लोक काकांना लहरी म्हणतात, आणि काका ती पदवी म्हणून मिरवतात. त्यामागं एक दुखणं आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात 'लहर म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा' असा प्रश्न होता, आणि काकांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: मनात येईल तसं वागणं म्हणजे लहर, उदाहरणार्थ, आमचे वडील. विज्ञानात ते थोडक्यात गेले ते गेलेच. पुन्हा परीक्षेला बसायच्या ऐवजी मामाच्या स्पीकरच्या दुकानात बसले आणि तिथं मात्र त्यांना लहर भेटली, पुस्तकात कुणालाच भेटत नाही इतकी जवळून. जाड आवाजाच्या पेट्या मोठ्या का आणि बारीक आवाजाचे भोंगे चिमुकले का, कोपऱ्यात ढोलकी का घुमते, मांडवाच्या खांबाआड बसलेल्याला तबला ऐकू येतो पण बासरी का हरवते, हे सगळं त्यांनी हातानं आणि कानानं शिकून घेतलं. मी पहिल्यांदा त्यांना आमच्या पुस्तकातलं सूत्र वाचून दाखवलं, की तरंगाचा वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, तेव्हा त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एवढंच व्हय? हे तर आम्ही दोघं रोज करतो."

ते खरंच होतं. काकू काकांपेक्षा वीतभर उंच आहेत, हाडापेरानं मोठ्या, शांत. काका त्यांच्या खांद्याशी. रोज सूर्य कलला की दोघं फिरायला निघतात, गल्लीतून मोठ्या रस्त्याला आणि तिथून थेट पाणचक्कीपर्यंत. माझ्या खिडकीतून ती जोडी गल्लीच्या वळणापर्यंत दिसते. काकू लांब ढांगा टाकत संथ चालायच्या, काका तुरुतुरु. त्यांच्या दोन पावलांत यांची तीन. पण दोघं कधी मागंपुढं झाले नाहीत. "माझी लांबी कमी, म्हणून माझी वारंवारता जास्त," काकांनी मला समजावून सांगितलं, जणू दहावीला मी बसले होते. "त्यांची लांबी जास्त, म्हणून त्यांना घाई नाय. वेग दोघांचा एकच. आवाजाचं बी तसंच हाय, मॅडम. ढोलकीची लहर लांब अन् निवांत, बासरीची आखूड अन् घाईची, पण शेवटच्या रांगेत दोघी बराबर पोचतात. नाहीतर मागच्या लोकांना ढोलकी आधी अन् गाणं मागून ऐकू आलं असतं." त्या वर्षापासून मी वर्गात फळ्यावर एक उंच बाई आणि एक बुटका माणूस काढते, आणि त्या धड्यावर माझी पोरं कधी नापास होत नाहीत.

आता या जोडप्यातली हाक सांगायला हवी. काकांनी काकूंना कधी नावानं हाक मारली नाही आणि काकूंनी काकांना नावानं हाक मारण्याचा प्रश्नच नव्हता. काका दारात उभे राहायचे, टाचा वर करायचे (उंच बायकोला हाक मारायची म्हणजे आपणही थोडं उंच व्हायला हवं असं त्यांना वाटत असावं) आणि म्हणायचे, "ऐकलं का?" आतून काकूंचं उत्तर यायचं, "ऐकलं." बस्स. पुढं बहुतेक वेळा काहीच नसायचं. चहा हवा असायचा किंवा नुसतं आपण घरी आलोय एवढं सांगायचं असायचं. दिवसातून पंचवीस-तीस वेळा हे चालायचं. वर माझ्या खोलीत वह्या तपासताना ते दोन शब्द खालून येत राहायचे, एक बारीक आणि एक जाड, आणि मला बिडकीनच्या आमच्या घरातल्या दुपारी आठवायच्या. सुरुवातीला मला हसू यायचं. मग सवय झाली, आणि सुट्टीत गावी गेल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटू लागलं.

दोनेक वर्षांपूर्वी काकूंचं "ऐकलं" यायचं कमी झालं. काकांनी त्याचा सरळ अर्थ लावला: बायको रुसली. कशावरून रुसली हे त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी सगळ्याच शक्य गोष्टींबद्दल माफी मागायचं ठरवलं आणि शब्दांऐवजी वस्तू आणू लागले. गुलमंडीवरून दोन साड्या आल्या. रोज गरम जिलबी आली. एक दिवस मोगऱ्याचा गजरा आला, तोही काकांनी स्वतः माळला. काकू मला गच्चीवर गाठून म्हणाल्या, "अगं बाई, ह्यांना म्हातारपणी काय झालंय? लई लाडात आलेत." मी हसले. काय चाललंय ते मलाही कळलं नव्हतं. मग एका दुपारी मी आणि काका दुकानात बसलो असताना समोरच्या किराणावाल्यानं, त्याचा आवाज म्हणजे विहिरीतून आल्यासारखा, रस्त्यावरूनच हाक दिली, "वहिनी, दळण झालंय!" आणि वरून, भिंतीआडून, काकूंचा लगेच आवाज आला, "ऐकलं." काकांच्या हातातली पक्कड तशीच राहिली. असा चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयानं असं होतं, बारीक आवाज आधी जातात आणि जाड आवाज मागं राहतात. कानात घालायचं यंत्र दिलं. काकूंनी ते चार दिवस घातलं आणि पाचव्या दिवशी मसाल्याच्या डब्यात, लवंगांच्या वाटीशेजारी ठेवून दिलं. भांडी डोक्यात वाजतात, म्हणाल्या, आणि कुकरची शिट्टी झाली की छातीत धस्स होतं. डबा उघडला की ते यंत्र कधीकधी आपणहून शिट्टी मारतं. ती फक्त काकांना ऐकू येते.

काका माझ्याकडे आले ते वही घेऊन. मोबाइलवर आवाजाची वारंवारता मोजणारं एक ॲप असतं, ते त्यांनी स्वतःच शोधलं होतं. त्यात त्यांनी "ऐकलं का" म्हटलं, आकडा सव्वादोनशेच्या आसपास थांबला. आवाज सेकंदाला साधारण सव्वाअकराशे फूट जातो. मी भागाकार केला आणि म्हटलं, तुमची लहर पाच फूट. काका चाट पडले. त्यांची उंचीही बरोबर पाच फूट. "म्हणजे मी जेवढा, तेवढीच माझी लहर," ते हळूच म्हणाले. किराणावाल्याचाही आकडा त्यांनी गुळाचा भाव विचारण्याच्या मिषानं टिपून आणला होता. त्याची लहर दहा फुटांची निघाली. काकांनी वही मिटली. वारंवारता निम्मी केली की लांबी दुप्पट, वेग आहे तेवढाच. हे तर त्यांना कळतच होतं. "मी खर्ज लावतो," ते म्हणाले. खरं तर शब्दाला धार देणारे जे क, स, त असतात त्यांच्या लहरी इतक्या आखूड असतात की कितीही खर्ज लावला तरी त्या तशाच राहणार, आणि काकूंना पोचत नव्हतं ते मुख्यतः तेच. मी विज्ञान शिकवते, पण त्या दिवशी ते शिकवलं नाही. समोर बसलेल्या त्या माणसाच्या तोंडावर ते बोलायचं धैर्य मला झालं नाही.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गच्चीवरची काळी टाकी रिकामी असण्याचे दिवस भरपूर. काकांनी तिचा उपयोग करून घेतला. रोज सकाळी उजाडताना ते स्टुलावर चढून टाकीच्या तोंडात डोकं घालायचे आणि आत "आऽऽ" म्हणून सा लावायचे. टाकी त्यांचा आवाज जाड करून परत द्यायची आणि त्यांना हुरूप यायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं पाण्याची मोटार सुरू राहिली, म्हणून मी केस तसेच बांधून वर धावले, तर टाकीतून अर्धे काका बाहेर. शेजारच्या गच्चीवरच्या बाईंनी सहा वेळा मोटार बंद करायला सांगितलं. कबुतरांनी ती गच्ची सोडली. काकांनी ताक सोडलं, लिंबू सोडलं, गरम पाण्याशिवाय काही पिणं सोडलं. दर रविवारी माझ्याकडे येऊन आकडा मोजायचा. दोनशे. एकशे ऐंशी. एकशे साठवर ते महिनाभर अडकून पडले आणि इतके चिडचिडे झाले की एका लग्नात त्यांनी ते काळं बटण डावीकडे फिरवलं. पण माणूस हट्टी. पावसाळा गेला, थंडी आली, आणि एका सकाळी धुक्यात मला वरून एक अनोळखी, खोल, संथ आवाज ऐकू आला. उन्हं यायच्या आधीची ती वेळ, अर्धवट झोप, आणि तो आवाज पायऱ्या उतरून खोलीभर पसरत होता. मी तशीच पडून ऐकत राहिले. आकडा एकशे पंधरावर आला होता.

त्या संध्याकाळी काकांनी मला मुद्दाम खाली बोलावलं, साक्षीला. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून मेथी निवडत होत्या. काकांनी घसा साफ केला, टाचा वर केल्या, मग काहीतरी आठवून हळूच खाली टेकवल्या, आणि त्या दहा फुटी आवाजात म्हणाले, "ऐकलं का?" काकूंचे हात थांबले. त्यांना ऐकू गेलं होतं. त्या ताठ झाल्या, घाईनं डोक्यावर पदर घेतला आणि मागं न वळता मला म्हणाल्या, "बाई, बघ गं कोण आलंय दारात. बसायला सांग, म्हणावं हे घरी नायत."

काका जिना उतरून दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी टाकीत आवाज झाला नाही. त्याहून वाईट म्हणजे घरातली हाकही बंद झाली. काकूंना बोलवायचं असेल तर काका दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद करू लागले. काम भागत होतं. पण वह्या तपासताना खालून काहीच येत नव्हतं, आणि माझी खोली पडदे असूनही भुंकायला लागली होती. पंधरा दिवसांनी काकू गुडघे धरत माझ्याकडे वर आल्या. मी त्यांच्याजवळ बसून, मोठ्यानं बोलून आणि जिथं जमेना तिथं वहीत लिहून, सगळं सांगितलं: टाकी, आकडे, दहा फूट, त्या दिवशी दारात कोण आलं होतं ते. काकू आधी पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसणं थांबलं तरी त्यांनी पदर काढला नाही.

"येडं माणूस," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाय, हे खरंय. पण ते हाक मारताना टाचा वर करतात. खाली टेकवल्या की फरशी हलते जराशी. कळतं मला. अन् नाय कळलं तरी एवढी वर्षं उत्तर द्यायची सवय हाय. त्यांनी हाकच मारली नाय, तर मी बोलू तरी कुणाला?" मग त्या उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, तो बारीकच आवाज बरा होता. तो मला पाठ हाय."

हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ एका कर्ण्याची जाळी पुसत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून त्यांच्या पाच फुटी आवाजात "ऐकलं का?" आलं, आणि थोड्या वेळानं "ऐकलं."

आता काकूंचं उत्तर नेहमी वेळेवर येतंच असं नाही. कधी काका दोनदा बोलावतात आणि आत सामसूम. कधी दारावरून हातगाडी जाते, फरशी हलते आणि काकू हातगाडीला "ऐकलं" म्हणतात. काकूंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांच्या ढांगाही आखूड झाल्यात. काकांची तीन पावलं आता त्यांच्या तीन पावलांबरोबर पडतात, आणि पाणचक्कीला पोचायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. सूत्रात हे बसतं का असं मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "बसतं की. वेग उतरला, दोघांचा उतरला."

परवा रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. पाणचक्कीच्या हौदाच्या कडेला आम्ही तिघं बसलो. उंचावरून पाणी पडत होतं, वडाची सावली हौदाच्या मधोमध आली होती. पाणी पडतं तिथून लाटांच्या बारीक, दाट रेषा निघत होत्या आणि सगळ्या सारख्याच संथपणे आमच्याकडे येत होत्या. काका त्यांच्याकडे बघत बसले. त्यांनी टाळी वाजवली नाही, टाचा उचलल्या नाहीत. बहुतेक त्यांना डुलकीच लागत होती. काकूंनी पाण्याकडे पाहत, अगदी सहज म्हटलं, "ऐकलं."

काका दचकून जागे झाले. माझ्याकडे पाहून, ओठांनीच विचारलं, मी बोललो? मी नाही म्हणून मान हलवली. ते क्षणभर गोंधळले. मग काकूंचं उत्तर वाया जाऊ नये म्हणून लगबगीनं उठले, हौदाच्या दगडावर दोन्ही टाचा वर केल्या आणि आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "ऐकलं का?"